मामा गाडीवरून उतरत नाहीत

माझी चूक एवढीच, की मी उतरलो.

समोर हरभऱ्याच्या वावरात रोह्यांचा अख्खा कळप चरत होता. ज्यांनी रोही पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुस्तकात तिला नीलगाय म्हणतात. घोड्याएवढं जनावर, गाईसारखं तोंड आणि चेहऱ्यावर कायम 'आता कोणीतरी ओरडणार' अशी धास्ती. आम्ही इतक्या जवळ होतो की तिच्या दाढेखाली घाटा फुटल्याचा आवाज मला यायला हवा होता. आला नाही, कारण आम्ही ज्या वाहनावर बसलो होतो त्याचा आवाज पिठाच्या गिरणीत फटाके लावल्यासारखा होता. तरी एक रोही मान वर करेल तर शपथ.

पुढे गुणवंतमामा, मागे मी. माझ्या डाव्या पायाला मुंग्या आलेल्या. मला वाटलं, एवढ्या गदारोळाला जी जनावरं भीक घालत नाहीत, ती अमरावतीच्या राजापेठेतल्या एका विमा कार्यालयातल्या कारकुनाला काय भिणार? मी श्वास रोखून, चोरपावलांनी, शक्य तेवढ्या सभ्यपणे खाली उतरलो.

पुढच्या क्षणी वावरात नुसती धूळ होती.

मामांनी गाडी बंद केली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. लग्नात ऐन मंगलाष्टकाच्या वेळी माइकची वायर ज्याच्या पायात अडकते, त्याच्याकडे बघावं तसं.

"जवाईबापू," ते कुजबुजले, "उतरले काऊन तुमी?"

"मामा, पायाला मुंग्या आल्या होत्या."

"मुंग्या आल्या त येऊ द्याच्या न! पाय पडला त पडू द्याचा! उतराचं नाई! गाडीले ते भेत नाई, उतरलेल्या मानसाले भेते. आठवडा गेला न माया!"

हे सगळं त्यांनी कुजबुजूनच सांगितलं. मामांची कुजबुज शेजारच्या गावात ऐकू जाते.

गुणवंतमामा माझ्या बायकोचे, मंदाचे, सख्खे मामा. धामणगाव रेल्वेजवळच्या एका खेड्यात राहतात. थोडी शेती आहे, पण आयुष्य गेलं ते लाऊडस्पीकरच्या धंद्यात. त्या भागात ज्यांची लग्नं झाली, बारशी झाली, जे निवडणुकीला उभे राहिले आणि पडले, त्या सगळ्यांच्या कानात मामांचा आवाज आहे. माझ्या लग्नातही स्पीकर त्यांचेच होते. माझ्या सासूबाई माइक चालू आहे हे न कळून विहिणीच्या कानात "पोरगा फोटोत बरा दिसे" म्हणाल्या, ते सगळ्या मांडवाने ऐकलं. ती टेप मामांनी आम्हाला आहेर म्हणून दिली.

मामा कोणतंही बोलणं "हालो, चेक" म्हणून सुरू करतात. समोरासमोर बसलेल्या माणसाशीसुद्धा. माणसांची प्रतवारी ते धंद्याच्या भाषेतच लावतात. अमका आमदार म्हणजे "नुसता इको". मंदा म्हणजे "ट्रेबल जास्त, थोडा कमी करा लागते". मी त्यांच्याकडे पहिल्यांदा मुक्कामाला राहिलो, त्या दिवशी सकाळी त्यांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "काय घोरता जवाईबापू! काय बेस हाये! भिंतीचा रंग पडला न माया." मंदा लग्न झाल्यापासून ज्या गोष्टीवरून माझ्याशी भांडत आली, तिचं कौतुक करणारा तो एकमेव माणूस. तेव्हापासून मी त्यांचा.

"अन् तुयी मामी," ते मंदाला सांगायचे, "ते म्हनजे मोनो. एकच स्पीकर, तोई दूर ठेवलेला. आला आवाज त आला."

सुमनमामींचा आवाज खरंच बारीक. आणि मामांचे कान, आयुष्यभर स्पीकरशेजारी उभं राहून, हळूहळू गेलेले. मामांना मात्र हे मान्य नाही. "मले सगळं आयकू येते. लोकच बारीक बोलून राहिले आजकाल." मुलीने, म्हणजे अकोल्याच्या वैशालीने, त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. ते त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं. कोणी विचारलं तर खिशावर हात ठेवून सांगायचे, "हाये न! घेतलं न!"

मग ती दुपार आली. मामी न्हाणीत घसरून पडल्या. उठता येईना. हाका मारल्या. मामा शेजारच्याच खोलीत एका लग्नाचा अ‍ॅम्प्लिफायर तपासत बसले होते. शेवटी शेजारची बाई भिंतीवरून उडी मारून आली. मोडलं काही नाही, मनगट सुजलं. मामी एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढे वैशालीच्या बाळंतपणाला म्हणून अकोल्याला गेल्या, त्या तिकडेच राहिल्या.

"पोट्टी लहान हाये अजून," मामा सांगतात. "मोठी झाली का येते तुयी मामी."

ती पोट्टी आता शाळेत जाते आणि फोनवर मला पाढे म्हणून दाखवते.

मामी गेल्या आणि मामांनी धंदा विकून टाकला. स्पीकर गेले, मशीन गेली, वायरींची भेंडोळी गेली. फक्त एक जुना भोंगा तेवढा ठेवला. आणि मग त्यांना शिकारीचा नाद लागला.

शिकार म्हणजे फोटोची. पण मामा नुसतं 'शिकार' म्हणतात, आणि मामांचं नुसतं म्हणणं म्हणजे जाहिरात असते. मी धामणगावच्या स्टेशनवर उतरलो, तर हे पुलावरून ओरडले, "चाला जवाईबापू! शिकारीले!" सगळा प्लॅटफॉर्म थांबला. एक पोलिस आला.

"कशाची शिकार?"

"रोह्याची."

"बंदी आहे, माहीत आहे न काका?"

"फोटोवर हाये का?" मामांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्या पोलिसाचाच फोटो काढला. "हे पाहा. झाली तुमची शिकार. दुखलं का कुठं?"

तर या शिकारीसाठी मामांनी एटीव्ही घेतली. चार फुगीर टायरांची ती मोटारसायकल, चिखलदऱ्याला पॉइंटवर टुरिस्टांना गोल गोल फिरवतात ती. तिथल्याच एका माणसाने धंदा बंद करताना यांच्या गळ्यात मारली. मडगार्डवर अजून रंगवलेलं आहे, 'फोटो काढताना हँडल सोडू नये'. मामा तिला घोडं म्हणतात.

आता रोही म्हणजे पानाची सळसळ झाली तरी पळणारं जनावर. त्याच्याजवळ या घोड्यावरून जायचं तर आवाज मारला पाहिजे. मामांनी आधी सायलेन्सरला ओलं पोतं गुंडाळलं. त्याची वाफ होऊन मामांची पाठ शेकली. मग गोधडी बांधली. ती पेटली. मग त्यांच्यातला साऊंडवाला जागा झाला. त्यांनी तो उरलेला भोंगा आणला आणि सायलेन्सरच्या तोंडाला, मागच्या बाजूला तोंड करून, तारेने घट्ट आवळला.

"सायन्स हाये," त्यांनी मला समजावलं. "आवाज मारता येत नाई. पन फेकता येते. रोही कुठं? समोर. मी आवाज कुठं फेकून राहिलो? मागं. समोर एकदम शांत."

मागे काय आहे, हे मामांनी लक्षात घेतलं नव्हतं. मागे गाव होतं. उन्हं उतरू लागली की मामांचं घोडं निघतं, आणि सगळ्या गावातल्या खिडक्यांची तावदानं वाजतात. बायका त्यावर चहाचं आधण ठेवतात. शाळेचे मास्तर त्यावर शेवटचा तास सोडतात. मामांना यातलं काही माहीत नाही. ते हँडल धरून, मान खाली घालून, आपण जणू रांगतच चाललो आहोत अशा बेताने जातात. मध्येच मला विचारतात, "आला का आवाज?" मी म्हणतो, "नाही मामा." माझ्या कानात त्या वेळी दोन दिवस टिकणारी शिट्टी सुरू झालेली असते.

आणि तरीही रोही पळत नाहीत! हेच तर नवल.

याचं कारणही मामाच सांगतात. पूर्वी शेतकऱ्यांनी रोही हाकलायला त्यांच्याकडून वावरात स्पीकर लावून घेतला होता. वाघाची डरकाळी टेप केलेली. पहिल्या दिवशी कळप पार नदीपलीकडे गेला. काही दिवसांनी परत आला. नंतर नंतर तर एक मोठा नर त्या स्पीकरच्या खांबाला पाठ घासत उभा राहायला लागला. वाघ ओरडतोय आणि हा पाठ खाजवतोय.

"तवा मले समजलं," मामा म्हणतात. "जनावर आवाजाले भेत नाई. नवीन गोष्टीले भेते. सवय लावा लागते, जवाईबापू. रोज त्याच टायमाले जाचं. सरळ अंगावर जाचं नाई, तिरपं जाचं. डोयात डोया घालाचा नाई. थांबाचं नाई. अन् काई झालं तरी उतराचं नाई."

पाठ खाजवणाऱ्या त्या नराचं नाव मामांनी सरपंच ठेवलंय, कारण तो मधोमध उभा राहतो आणि काही करत नाही. मामांना हवा आहे तो याचा फोटो. दुरून नाही, अगदी हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून.

"कशाला हो मामा?" मी विचारलं होतं.

मामांनी खिशातल्या कानाच्या मशीनवर हात ठेवला. "तुमच्या मामीले पाठवाचा हाये. पाहू दे तिले. रानातलं जनावर मायाजवळ उभं राह्यते म्हनाव, पळत नाई. मंग ते येईन."

"त्यापेक्षा फोन करा न."

"फोनवर तिचं आयकू येत नाई. मंग मी काय, काय, करतो. मंग ते गप बसते." आणि त्यांनी घोडं सुरू केलं, त्यामुळे पुढचं मलाही ऐकू आलं नाही.

असा तो फोटो माझ्या एका मुंग्या आलेल्या पायाने हुकला. घरी येऊन सांगितलं, तर मंदा म्हणाली, "तुम्ही कशाला उतरले?" मला उतरण्याचा एवढा पश्चात्ताप आयुष्यात कधी झाला नव्हता. पुढे आणखी एकदा व्हायचा होता, ते सांगतो.

मामा आठवड्यात एक दिवस शिकारीला सुट्टी देत. रविवारी. "रविवारी मी मोझरीले जातो. आश्रमात, प्रार्थनेले." मला फार कौतुक वाटायचं. म्हटलं, उतारवयात माणूस देवाधर्माला लागला, चांगलं झालं. एकदा प्रसाद म्हणून पेढ्याचा डबाही त्यांनी पाठवला. मंदाने डब्याच्या झाकणावरचा पत्ता वाचला.

"अहो, मोझरीचा प्रसाद अकोल्याच्या दुकानातून कधीपासून येऊन राहिला?"

"कुणी भक्ताने आणला असेल," मी म्हणालो आणि दोन पेढे एकदम तोंडात टाकले. मला डबे वाचायची सवय नाही.

वैशालीच्या मुलीचा वाढदिवस रविवारी आला, म्हणून आम्ही अकोल्याला गेलो. दुपारी केक झाला, पोरं फुगे फोडून घरी गेली, वैशाली आणि तिचा नवरा पसारा आवरायला आत गेले. मी ओट्यावर पोट सैल सोडून बसलो होतो. पाहतो तर सुमनमामी आतून साडी बदलून, वेणी घालून बाहेर आल्या. एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि थेट फाटकाशी नेऊन ठेवली. शेजारी स्टूल. स्टुलावर चहाचे दोन कप, वर बशा झाकलेल्या.

"मामी, कोणी येऊन राहिलं का?" मंदाने विचारलं.

"नाई वं. बसली अशीच."

कॉलनीच्या टोकाला एक ऑटो दिसला. इतका हळू, की एक म्हातारे गृहस्थ फिरायला निघाले होते, ते त्याच्या पुढे गेले. तो सरळ येत नव्हता. रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, तिरपा तिरपा येत होता. आत एकच माणूस. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ, नजर समोर. घराकडे चुकूनही नाही. मामी खुर्चीत तशाच. त्याही त्याच्याकडे पाहत नव्हत्या. समोरच्या घरावरची पाण्याची टाकी पाहत होत्या.

मोझरीची प्रार्थना माझ्या डोळ्यांसमोरून ऑटोत बसून चालली होती.

"मामा!" मी ओरडलो. आणि ओट्याच्या पायऱ्या धडाधड उतरलो.

ओरडणं त्यांना ऐकू गेलं नसणार. पण उतरलेला माणूस दिसला. ऑटोवाल्याच्या पाठीवर एक थाप पडली. आणि जो ऑटो मुंगीला वाट देत येत होता, तो अंगात आल्यासारखा सुटला. कोपऱ्यावर फक्त धूर राहिला.

मी फाटकाशी हात वर केलेला तसाच उभा. सुमनमामींनी टाकीवरची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

"उतरले काऊन तुमी?" त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज बारीक होता, पण मला स्पीकरवर ऐकल्यासारखा लागला.

मंदा त्यांच्याजवळ जाऊन फरशीवर बसली. मामींनी एका कपावरची बशी काढली, चहा तिच्या हातात दिला. दुसरा तसाच झाकून ठेवला.

"दर रविवारी येते का मामा?"

"दर रविवारी. चहाच्या टायमाले. पयल्या वेळी मी घाबरून आत पळाली. मंग खिडकीतून पाह्यलं. मंग दारात उभी राह्यली, मंग ओट्यावर बसली. एक एक फरशी खुर्ची पुढं सरकवून राहिली बाई मी. आज फाटकाजवळ आनली होती. पुढच्या रविवारी बाहेर ठेवणार होती." माझ्याकडे एक नजर टाकून त्या म्हणाल्या, "आता कायची पुढची खुर्ची."

"पन मामी, हाक काऊन नाई मारली?"

"त्यायले आयकू जाते का मायी हाक?" मामी हसल्या. "अन् एकदम थांबवलं असतं त पळाले असते. पाह्यलं न आता? त्या मानसाचं तसंच हाये. मी न्हाणीत पडली न, त्या दिवशी मी हाका मारून राहिली अन् ते आत गाणं म्हनून राहिले. पडल्या पडल्या आयकत होती मी. मले काई राग नाई आला, मंदे. गाणं बरं म्हने ते. पन त्या दिवसापासून ते मायाकडं पायतच नव्हते. मी खोलीत आली का ते अंगनात. मी अंगनात गेली का ते वावरात. जेवाले वाढलं त ताट घेऊन उठत. घरातल्या घरात किती पळीन एखादं मानूस? दम लागला असता त्यायले. म्हनलं आपनच जरा दूर होऊन पाहावं. जवळ येते का."

म्हणजे मामा मामींना बिचकू न देता जवळ येत होते, आणि मामी मामांना. आणि मधे मी. दोन्हीकडे उतरणारा.

पुढच्या रविवारी ऑटो आला नाही. वैशालीने फोन करून सांगितलं. त्याच्या पुढच्याही रविवारी आला नाही. मामांना फोन केला तर "हालो, चेक, आवाज कटून राहिला" म्हणून ठेवून दिला. मंदाने माझ्याशी बोलणं बेताचंच ठेवलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगण्यापुरतं. मामींचा संसार जुळत आला होता तो यांनी पायऱ्या उतरून मोडला, असं तिने तिच्या बहिणीला फोनवर सांगितलेलं मी बाथरूममधून ऐकलं.

मग मामींचाच फोन आला. "मंदे, तुये यजमान गाडी घेऊन येईन का? मले वावरात जाचं हाये."

"कोनत्या वावरात?"

"मायाच. अजून कोनाच्या?"

मी गाडी काढली. अकोल्याहून मामींना घेतलं. वाटेत त्यांनी चहाचा थर्मास मांडीवर धरून ठेवला होता, खाली ठेवू देईनात. गावात न शिरता आम्ही बाहेरच्या पांदण रस्त्याने वावराच्या कडेला पोचलो. हरभरा पिवळा पडत आला होता. कळप आलेला होता. मधोमध सरपंच, काहीही न करता.

मामी उतरायला लागल्या, तेव्हा मंदाने माझं मनगट धरलं. "तुम्ही उतरले त पाहा."

मामी फार हळू गेल्या. सरळ नाही, धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, तिरप्या. रोह्यांनी माना वर केल्या. मामी धुऱ्यावर बसल्या, पदर डोक्यावर घेतला आणि आभाळाकडे पाहू लागल्या. रोह्यांनी माना खाली घातल्या. म्हटलं, ही बाई कुठे शिकली हे? मग आठवलं, रविवारी रविवारी.

गावाकडून तावदानं वाजली. घोडं निघालं होतं.

मामा नेहमीच्या वाटेने आले. मान खाली, हात हँडलवर, मागे भोंगा गावाच्या दिशेने बोंबलत. धुऱ्यावर कोणी बसलंय हे त्यांना दिसलं तेव्हा घोडं थोडं डगमगलं. पण थांबलं नाही. मामा तिरपे पुढून गेले. मामींनी पाहिलं नाही. मामा वावराला वळसा घालून पुन्हा आले, आणखी जवळून. मामींनी थर्मासचं झाकण उघडलं. मामा पुन्हा गेले. आमच्या गाडीत काचा बंद, उकाडा मरणाचा, आणि मला शिंक येत होती. मंदाने माझं नाक दाबून धरलं.

तिसऱ्या फेरीला सरपंच आणि मामी यांच्यामध्ये मामा आले. सरपंच इतका जवळ, की हात लांब केला असता तर त्याची शिंगं लागली असती. एवढे दिवस ज्याच्यासाठी पाठ भाजून घेतली, गोधडी जाळली, तो फोटो समोर उभा होता. मामांनी खिशात हात घातला. मला वाटलं, मोबाइल.

त्यांनी गाडी बंद केली.

गावासकट सगळ्या शिवारात एकदम इतकं शांत झालं की मला माझ्याच घड्याळाचा आवाज आला. मामांनी खिशातून काढलेली वस्तू कानाशी नेली. खटपट केली. आधी उलटी बसली, मग सुलटी बसली. आणि मामा गाडीवरून उतरले.

कळप उधळला. सरपंच सगळ्यांच्या पुढे, धूळ उडवत, कुंपण ओलांडून गेला. मामांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. ते धुऱ्यावर जाऊन बसले, मामींपासून हातभर अंतर ठेवून, समोर बघत. मामींनी झाकणात चहा ओतला आणि तो त्यांच्या बाजूला, धुऱ्यावर ठेवला. काहीतरी बोलल्या. आमच्यापर्यंत यायचा प्रश्नच नव्हता.

मामांचं उत्तर मात्र काचा बंद असूनही आलं. गावातही गेलं असणार.

"आयकू येऊन राहिलं न! हळू बोल!"

मंदाने माझं नाक सोडलं. मी शिंकलो. कोणी पळालं नाही.

मामींना तिथेच सोडून आम्ही अमरावतीला परतलो. घरी जेवण झालं, मी पलंगावर आडवा झालो. मनात एक विचार घोळत होता, तो अखेर बोललो.

"मामांचं बरोबर आहे गं. सवय झाली की कोणी पळत नाही. तुला नाही का माझ्या घोरण्याची सवय झाली?"

मंदा उशीला अभ्रा घालत होती. ती थांबली.

"सवय गिवय काही होत नसते," ती म्हणाली. "आवाज आला नाही त जीव दचकते, एवढंच. झोपा आता लवकर. तुम्ही सुरू झाल्याशिवाय मले झोप येत नाही."